भावसिंगचं फाटक

दारव्ह्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीचं एक फाटक आमच्या गावाबाहेर होतं आणि त्या फाटकावर भावसिंग नावाचा एक निकामी माणूस नोकरीला होता. त्याचे भाऊ तांड्यात राहून शेतात राबत. हा खाकी डगला चढवून बाजारात चहा पीत बसे आणि भावांना ढेकळं फोडणारे म्हणून हसे. फाटक सांभाळायची त्याची बायको, जमनाबाई. इंजिनाची शिटी आली की ती तव्यावरची भाकर तशीच टाकून धावे, बैलगाड्या थांबवी, फाटक लावी आणि हिरवी झेंडी धरून उभी राही. स्टेशन मास्तरांना हे ठाऊक होतं. पण त्या आडरानात राहायला दुसरा माणूस मिळेना, म्हणून तेही डोळेझाक करीत.

अठ्ठावन्न साली तपासणीचे साहेब न कळवता ट्रॉलीवरून आले. भावसिंग तेव्हा खाटेवर लोळत होता. झेंडी धरलेली ही बाई कोण, असं साहेबांनी विचारलं. नेमणूक नसलेल्याच्या हाती झेंडी दिली तर नोकरी जाते, हा एवढा एकच नियम भावसिंगला पाठ होता.

"मले काय माईत साहेब," डगल्याची बटणं लावत तो म्हणाला. "कोनी येडी बाई हाय. येते अन् बसते इथं."

जमनाबाई चार हातांवर उभी होती. तिला हाकलून लावायला सांगून साहेब पुढे गेले.

ती रडली नाही. झेंडी खाटेवर ठेवून तिनं कपड्यांचं गाठोडं बांधलं. नोकरीपायी असं बोलावं लागतं, अशी भावसिंग समजूत घालू लागला.

"नोकरी तुमची हाय," ती म्हणाली. "आता तुमीच करा."

ती धनसिंगच्या, म्हणजे तिच्या भावाच्या तांड्यावर निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी फाटक उघडं दिसलं म्हणून ड्रायव्हरनं गाडी थांबवली. शिट्या मारूनही भावसिंग उठेना, तेव्हा फायरमननं उतरून फाटक लावलं आणि गाडी गेल्यावर गार्डानं उघडलं. पुढे हीच रीत पडली. तक्रारी गेल्या. बदली माणूस आला, रान पाहून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. दुसऱ्यानं घरात साप पाहिला आणि राजीनामा दिला. भावसिंग राहिला तो राहिलाच.

बायकोला आणायला तो एकदा तांड्यावर गेला. ती कापूस वेचत होती, वावरातून आलीच नाही. पुढे तिनं भावाच्या शेजारी बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, जमीन केली, म्हशी पाळल्या.

हा मात्र बाजारात सांगत सुटला, "माह्याबिगर गाडी चालत नाही." ऐकणारे चहा पिऊन उठून जात.