काचेवरची पट्टी

ड्रॉइंग ऑफिसात त्यांना सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उठते आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हे नाव त्यांनी स्वतः कमावलेलं होतं. कुणाच्या घरी गेले की समोर आलेलं पाणी पिण्याआधी ते भिंतीवरचा फोटो सरळ करत. एकदा तर डॉक्टर नाडी बघत असताना त्यांनी मोकळ्या हाताने डॉक्टरांच्याच टेबलावरचं कॅलेंडर नीट लावलं होतं. पाण्याच्या टाक्यांचे आणि नळांचे नकाशे त्यांनी एकतीस वर्षं काढले, आणि त्यातली एकही रेघ कुणी खोडायला सांगितली नाही असं ते सांगत. निदान दोनदा सांगितली होती, पण ते जाऊ दे.

मुदतीच्या दोन वर्षं आधी त्यांनी नोकरी सोडली आणि कारण दिलं डोळ्यांचं. डोळे ठणठणीत होते. थरथरत होता तो उजवा हात. घाबरण्यासारखं काही नाही, काही जणांना वयाबरोबर होतं, जुळवून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. ओळंब्याने थरथरण्याशी कसं जुळवून घ्यायचं, हे काही डॉक्टरांनी सांगितलं नाही. ही गोष्ट फक्त त्यांना आणि बायकोला ठाऊक होती. तेव्हापासून बायको त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायची, आणि त्यावर दोघंही चकार शब्द काढत नसत.

मुलीला मात्र हे कळता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मुलीला आयुष्यातली पहिली सरळ रेघ त्यांनीच शिकवली होती, ती पाच वर्षांची असताना, पट्टीशिवाय. श्वास सोड, मग ओढ. हाताकडे बघू नको, जिथे जायचंय तिथे बघ. तिशी ओलांडलेली ती मुलगी अजूनही मैत्रिणींना कौतुकाने सांगते की आमच्या बाबांच्या हाताला पट्टी लागतच नाही. हे ऐकलं की ते हात खिशात घालत.

त्या मुलीने जिन्यावरून घसरून मनगट मोडून घेतलं, आणि तेही उजवंच. प्लास्टरमधला हात घेऊन ती आईबाबांकडे राहायला आली. बरोबर कपड्यांची एक पिशवी आणि चित्रं काढायचा चहाच्या ट्रेएवढा टॅबलेट. ती मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. आजवर ती दुसऱ्यांच्या चित्रांत रंग भरत आली होती. मुखपृष्ठावर तिचं नाव येणार असं हे पहिलंच पुस्तक. एक मुलगी आपल्या कासवाला घेऊन घरी परत येते, एवढीच गोष्ट, पण कासव बरोबर असल्यामुळे ती चाळीस पानं चालते. मुलगी आणि कासव काढून झाले होते. मागचे रस्ते, जिने आणि खोल्या अशी चार चित्रं राहिली होती. प्रकाशनातल्या बाईंनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं, की सोमवारपर्यंत आली नाहीत तर उरलेलं दुसऱ्याकडून करून घेऊ, मग मुखपृष्ठावर दोन नावं टाकावी लागतील.

"बाबा, तुम्ही करा ना," मुलगी म्हणाली. "घरं, खिडक्या, जिनेच तर आहेत. तुमच्याइतकं पर्स्पेक्टिव्ह कुणाला येतं?"

"मला नाही जमायचं ते यंत्र."

"मी शिकवते."

"नाही म्हटलं ना."

ती भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती डाव्या हाताने टॅबलेट पिशवीत परत घालू लागली आणि तो काही नीट जाईना. ते स्वयंपाकघरात गेले. बायको त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "तिला सांगून तरी टाका, नाहीतर करून तरी टाका. हे मधल्यामध्ये लटकणं नको."

सांगण्यापेक्षा करणं सोपं वाटलं, म्हणून ते टॅबलेटपुढे बसले. बसल्याबरोबर त्यांनी सवयीने खिशातली स्टीलची फूटपट्टी काढली आणि काचेवर ठेवली. कर्र असा आवाज झाला. मुलीने पट्टी उचलून आईकडे दिली, आणि आईने ती चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

"पट्टी आत आहे," मुलगी म्हणाली. तिने एका खुणेवर बोट ठेवलं तशी काचेत एक पट्टी उमटली. बोटांनी ती फिरवता येई, हवी तिथे नेता येई. "आता पेन हिच्या जवळपास कुठेही ओढा. रेघ हिलाच चिकटते. याला स्नॅप म्हणतात."

"तू आधी पलीकडे बस. माझ्या पाठीमागे आमचा साहेबसुद्धा उभा राहत नसे."

ती खिडकीपाशी जाऊन बसली. त्यांनी श्वास सोडला आणि पेन टेकवलं. हात नेहमीसारखाच थरथरत होता, पेनाचं टोक काचेवर टकटक वाजत होतं, आणि टोकाखालून रेघ निघत होती ती सरळ. तीन वर्षांपूर्वी निघायची तशी सरळ. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा एक ओढली. तीही सरळ. तिसरी त्यांनी मुद्दाम वेडीवाकडी ओढली, तीसुद्धा निमूटपणे पट्टीला येऊन चिकटली. त्यांना इतका आनंद झाला की तो लपवायला ते उगाच खोकले.

"जमतंय?" मुलीने विचारलं.

"ठीक आहे," ओळंबा म्हणाले.

मग पर्स्पेक्टिव्हची पट्टी आली. ऑफिसात ते लांबच्या बिंदूवर टाचणी टोचत आणि तिला टेकवून पट्टी फिरवत. इथे टाचणी नव्हती. क्षितिजावर बिंदू ठेवला की प्रत्येक रेघ आपण होऊन त्याच्याकडेच जाई. घरं भराभर उभी राहिली, खिडक्यांना गज आले, फरशीला चौकोन पडले. पण पाचव्या घराशी त्यांचे डोळे बारीक झाले. रस्ता कलत होता. अगदी सुताएवढा, पण कलत होता.

"तुझी पट्टी लबाड आहे," ते म्हणाले. "मी बघत नाहीसं बघून सरकते."

मुलीने बसल्या जागेवरूनच त्यांना आणखी एक खिडकी काढायला सांगितलं. त्यांनी रेघ ओढली, पेन डाव्या हाताला दिलं, आणि उजव्या हाताने खिशातून रुमाल काढून काच पुसली. शाईने काम करणारा माणूस दर रेघेनंतर पट्टी पुसतो, नाहीतर डाग पडतो. एकतीस वर्षांची सवय. काचेला रुमालातल्या बोटांचा स्पर्श कळला, आणि बिंदू केसभर सरकला. मुलगी हसत सुटली. आईही बघायला आली.

"इथे शाई नाही हो बाबा."

"मला माहीत आहे," ते म्हणाले, आणि रुमाल खिशात कोंबला. पुढे दोन दिवस दर रेघेनंतर त्यांचा हात खिशापर्यंत जायचा आणि रिकामा परत यायचा. कललेली पाचही घरं त्यांनी पाडून पुन्हा बांधली.

शनिवारपर्यंत तीन चित्रं झाली. आता त्यांना पट्टीचं वेडच लागलं होतं. झाडंसुद्धा त्यांनी पट्टीनेच काढली. "बाबा, हे झाड आहे की विजेचा खांब?" मुलीने विचारलं, तर म्हणाले, नीट वाढवलेलं झाड असंच दिसतं. दिवसभर ते शीळ घालत होते. घरात शीळ ऐकून किती दिवस झाले, हे बायको मनातल्या मनात मोजत होती.

चौथं चित्र शेवटचं होतं. गोष्टीतली मुलगी घरी पोचून झोपते, कासव पलंगाखाली. पलंग, खिडकी, भिंत सगळं पटकन झालं. राहिलं ते पांघरूण. चुरगळलेल्या पांघरुणात सरळ रेघ एकही नसते. रविवारी दुपारी ते तासभर त्यापुढे बसले, पट्टी थोडीथोडी फिरवून त्यांनी तुकड्यातुकड्याने घड्या काढल्या.

"हे पांघरूण आहे की पत्रा?" मुलगी शेजारी येऊन बसली होती ते त्यांना कळलंच नाही. "याला पट्टी नकोच ना." तिने डाव्या हाताचं बोट लांबवून स्नॅप बंद केला.

त्यांचं पेन काचेवरच होतं. रेघ थरथरत निघाली आणि थरथरतच थांबली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. हात मांडीवर घेतला, त्यावर दुसरा हात ठेवला. "तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "डोळ्यांचं खोटं होतं."

मुलीला अर्धे कप आठवले. पाकिटावर पत्ता लिहायचा असला की "तूच लिही, तुझं अक्षर छान आहे," म्हणणारे बाबा आठवले. "आईला माहीत होतं?"

"आईला काय माहीत नसतं?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मुलीने पेन उचललं, डाव्या मुठीत धरलं आणि त्यांच्या रेघेखाली आपली एक रेघ ओढली. ती कुठल्या कुठे गेली.

"आता सांगा," ती म्हणाली, "यातली तुमची कुठली?"

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि वाकून खरोखरच दोन्ही रेघा तपासल्या. तपासायला दिलेली गोष्ट न तपासता सोडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. "वरची माझी," ते म्हणाले. "माझी सरळ आहे. तुझी तर वाटेत दोनदा चहाला थांबलीय."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. त्यांनी रुमाल काढून दिला. तीन दिवसांत तो पहिल्यांदाच कामाला आला. मग म्हणाले, "पेन इतकं आवळू नको. श्वास सोड, मग ओढ."

संध्याकाळपर्यंत दोघांनी आळीपाळीने पांघरूण काढलं, एक घडी त्यांची, एक तिची, पट्टी बंद ठेवून. सोमवारी सकाळी चित्रं गेली. दुपारी बाईंचा निरोप आला, चित्रं उत्तम आहेत, मुखपृष्ठावर एकच नाव राहील.

बायकोने चहा आणला. ओळंब्यांच्या कपाकडे बघून मुलगी थोडी थांबली, मग हसली. कप काठोकाठ भरलेला होता. त्यांनी तो दोघींसमोर उजव्या हाताने उचलला. थोडा चहा बशीत सांडला, थोडा टेबलावर. त्यांनी आधी घोट घेतला, आणि टेबल मग सावकाश पुसलं.