मळवलीच्या खाचरात लेकीचं काम

बार्शीहून मी निघाले ते लेकीला परत आणायला. सुनंदाने बँकेची नोकरी सोडली त्याला दोन वर्षं झाली. आता ती लोणावळ्यात तुंगार्लीला खोली घेऊन राहते आणि जगण्यात अडकलेल्या माणसांशी बोलते. अशांना लाइफ कोच म्हणतात. माझ्या मुलाने तिच्यासाठी बार्शीच्या एका पतसंस्थेत जागा पाहून ठेवली होती. सोमवारपर्यंत होकार हवा होता.

पुण्याहून लोकलने लोणावळ्याच्या आधीच, मळवलीला उतरले; त्या दिवशी सुनंदाचं काम तिथे होतं. डोंगरांवर ढग आणि खाली पाण्याने भरलेली खाचरं (बांध घातलेली भाताची शेतं). आमच्या ज्वारीच्या रानात एवढं पाणी साठलं तर लोक कपाळाला हात लावतील.

सुनंदा छत्री घेऊन उभी होती. वाळली होती. वाटेत म्हणाली, "आई, सगळ्यांना निकाल हवा असतो. किती दिवसांत बढती, किती दिवसांत झोप. मी म्हणते, आधी आत काय चाललंय ते बघा. मग माणसं परत येत नाहीत."

"मग चल घरी."

तिने छत्री माझ्या बाजूला सरकवली आणि बांधावरून पुढे निघाली.

तिच्या ओळखीच्या शेतकरीण कोंडाबाईच्या खाचरात आवणी (भातरोपांची लावणी) चालली होती. सुनंदाने तिथे, तिच्याकडे बोलायला येणाऱ्या एका कंपनीतल्या साहेबांना आवणीला बोलावलं होतं. ते पँट दुमडून उतरले आणि भराभरा पुढे चालत रोपं खोचू लागले. आवणी मागे सरत करतात, हे मलाही तेव्हाच कळलं.

"अवो सायेब, मागं सरा!" कोंडाबाई ओरडली. "लावलेलं तुडवत निघालाय. बांध कुटं पळून चाललाय व्हय?"

साहेब वैतागले. सुनंदाला म्हणाले, "तीन महिन्यांत बढती मिळेल का, एवढं सांगा. नाहीतर मी निघतो."

मला वाटलं, आता ही हो म्हणणार.

"ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "बढतीचं नाव काढलं की तुमच्या मनात काय होतं, तेवढं बघू शकतो."

साहेब बांधावर जाऊन बूट शोधू लागले.

"आन तुडवलेलं कोन लावनार? मी न्हाई. तुमीच या," कोंडाबाई म्हणाली.

साहेबांना हसू आलं. परत उतरले. तासभर मागे सरत लावत राहिले. ओळी वाकड्याच आल्या.

कोंडाबाईच्या ओट्यावर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाताना ते म्हणाले, "कंबर गेली. मॅडम, बढती नाही मिळाली तर वडिलांना तोंड कसं दाखवू, हेच वर्षभर डोक्यात आहे. आज पहिल्यांदा मोठ्याने बोललो."

सुनंदा नुसती ऐकत होती. मी असते तर चार सल्ले दिले असते.

"मावशी, तुमची लेक लय कमी बोलती," कोंडाबाई म्हणाली.

"घरी अशी नव्हती," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सुनंदाने विचारलं, "दादाला काय सांगशील?"

"येत नाही म्हणून सांगेन."

"मला न विचारताच?"

"काल एक हो म्हणाली असतीस तर तो माणूस खूश झाला असता. नाही म्हणालीस, म्हणून तो मनातलं बोलला. हे काम सोडून बार्शीत येऊन काय करशील?"

गाडीत बसल्यावर स्वतःचं आठवलं. वर्ष चांगलं की वाईट, ते मी कायम घरात आलेल्या पोत्यांवरून ठरवलं. एका साली ज्वारी पार गेली. त्या साली मी नवऱ्याला पहिल्यांदा म्हणाले, मला भीती वाटते. तोही म्हणाला, मलाही. तिथून आमचा संसार नीट झाला. तरी ते साल मी वाया गेलेल्यांत धरत आले. चुकलंच माझं.

मुलगा चिडेल. चिडू दे.