विमानातून उतरणाऱ्या तोफेले आवतन

माहा नातू वैभव फौजेत हाय, विमानातून छत्री बांधून उड्या मारणारा. दोन पोळे गेले, घरी आला नाई. फोनवर म्हणते, "आजी, मस्त हाय." असन मस्त. पण खाली उतरल्यावर त्या परक्या रानात पोराच्या पाठीशी कोण असते, हे मले कोणी सांगे नाई. चंद्रपुरात फौजेची हत्यारं मांडली, त्यात उडी मारणाऱ्यांची तोफ पण हाय, असं कळलं अन् मी पिशवी भरली.

धाकटी जाऊ शेवंता म्हणे, "बाई, आज खांदशेकणी, अन् तुम्ही तोफ पाहाले चालल्या?"

"गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा हाय. शेक त्याचे खांदे!"

तरी माह्या आधी एसटीत खिडकीपाशी तीच बसली.

बाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावतात अन् म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैल विकले, सवय राह्यली. हळदीची डबी पिशवीत होतीच.

अहेरीहून सकाळचीच गाडी धरा. आलापल्लीपुढं ट्रकांनी रस्ता असा उखडला का पोटातलं पाणी हालते. बायांले अर्धं तिकीट, म्हणून शेवंता दुप्पट बोलली. आष्टीले गरम भजे भेटतात. वैनगंगेच्या पुलावर मी हात जोडले. काय मागितलं ते सांगत नाई. चंद्रपुरात सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, खाऊनच मैदानावर जा, आत नुसता चहा अन् रांग.

तोफ पाहून मी हसलीच. एवढीशी! रणगाड्याचं वासरू जसं.

पहाऱ्यावरचा जवान साताऱ्याकडचा, गोड पोरगा. त्याले म्हटलं, "बापू, हे विमानातून टाकतात?"

"हो आजी, छत्र्या बांधून. उडी मारणाऱ्यांकडं पाठीवरचंच सामान असतं. मोठी तोफ ओढायला तिथं गाडी कुठली? म्हणून ही हलकी केली, हिचं इंजिन हिच्याच पोटात. खाली उतरली की पोरांच्या मागं आपली आपण चालते."

माह्या जीवात जीव आला. "म्हणजे पोरं एकटी नसतात!"

"नसतात, आजी."

"माह्या वैभवजवळ हेच हाय?"

"ही जुनी, परदेशातली. त्यांच्याकडं काय आहे ते मला सांगता येत नाही."

मी पत्र्यावर बोटानं टकटक केलं. "पातळ हाय रे."

"जाड केला तर विमानाला झेपत नाही."

मी डबी उघडली.

"आजी, रंगाला हात नको! साहेब ओरडतील."

"अरे, खांदा हाय तो. उद्या ओझं ओढणार हाय ते."

त्यानं इकडंतिकडं पाह्यलं अन् पाठ फिरवली. जिथी पत्रा पातळ वाटला, तिथीच बोटभर हळद लावली अन् म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. अन् येताना माह्या पोराले घेऊन या."

वळून पाह्यलं तर तो जवान बाहीनं डोळे पुसू राह्यला होता. सांबारवडीची उरलेली पुडी त्याच्याच हातात दिली.

पोळ्याच्या दिवशी पुरण केलं, दोन ताटं जास्तीची वाढली. शेवंता म्हणे, "काऊन बाई, तोफ जेवाले येते का?"

वैभवचा फोन आला. सगळं सांगितलं तर हसला. "आजी, पुरण ठेवजो," एवढंच म्हणला.

संध्याकाळी ताटं शेजारच्या गाईपुढं ठेवली. आवतन मात्र वापस घेतलं नाई.