तीच फुंक

अमेरिकेत, ट्रॉय शहरातल्या एका लॅबमध्ये मी फुप्फुसांची टेस्ट घेते. एकदा एक म्हातारे कृष्णवर्णीय गृहस्थ आले, जन्मभर फाउंड्रीत राबलेले. फुंकण्याआधी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आकडा गेल्या वर्षीइतकाच आला, पण रिपोर्टमध्ये आजार निघाला.

"गेल्या वर्षी तर नॉर्मल होतो," ते म्हणाले.

मी खरं ते सांगितलं. काळ्यांची फुप्फुसं मुळातच लहान, असं धरून मशीन त्यांच्याकडून कमी अपेक्षा करायचं, म्हणून कमी आकडाही नॉर्मल ठरायचा. आम्ही त्याला करेक्शन म्हणायचो. वंशाचा रकाना मीच भरायचे. यंदा तो काढून टाकलाय.

ते टोपीची कड चाचपत राहिले.

"माझा भाऊ माझ्याच शेजारी काम करायचा. तोही नॉर्मल होता, शेवटपर्यंत."

त्याची टेस्ट कुठे झाली होती, हे मी विचारलं नाही.