बाबाची वाकडी सही

थांबा, हे आत्ताच सांगा लागते, नाईतर रडूनच देईन! आज बाबाची जुनी गाडी बंद पडली, मी प्लग काढाले गेली अन् बोटं भाजली. जळक्या पेट्रोलचा तो वास आला अन् ॲडमिशनचा दिवस डोळ्यापुढं उभा राह्यला.

सेकंडहँड गाडी घेऊन चारच दिवस झाले होते. ॲडमिशनची शेवटची तारीख, अन् कुरखेड्याहून गडचिरोलीले जाताना गाडी जंगलात तीनदा बंद पडली.

"भंगार उचलून आणलं तुम्ही!" मी ओरडली.

"दम घेऊन राह्यली ते. तू मोहाच्या झाडाखाली सावलीत बस, माय," बाबा हसले. दरवेळी प्लग काढून काडीपेटीच्या बाजूनं घासला अन् लावला.

कॉलेजात फॉर्मवर सही करताना बाबाचा पेन थरथरला, सही वाकडी झाली. खिडकीतला कारकून बाबू पाहून राह्यला होता. मले लाज वाटली.

"नीट करा ना, बाबा!"

त्यांनी फॉर्म बाबूकडं सरकवला.

आज बोटांवर फुंकर मारता मारता कळलं, त्यांची बोटं तेव्हा भाजली होती. प्लग थंड व्हाची वाट पाहिली असती तर माही ॲडमिशन गेली असती.

बाबाले जाऊन दोन वर्षं झाली.

तुमच्यासंग झालं का असं? माफी मागाची आठवली, पण ऐकणारं माणूसच राह्यलं नाई?