कडकबाईंच्या जन्माची नोंद

नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला, कपडेपटाला लागून एक चिंचोळी खोली आहे. तिथे एका बाईंनी राजांचे झगे, वकिलांचे कोट आणि शिपायांचे गणवेश यांना इस्त्री करण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली. त्यांच्या हातची घडी अशी, की नट तिन्ही अंकांत धडपडला तरी मोडायची नाही. म्हणून सगळे त्यांना कडकबाई म्हणत. त्या नावात स्वभावाचाही थोडा वाटा होता. विंगेतून कुणी घाईने ओरडलं, "बाई, झाली का इस्त्री?" की आतून उत्तर येई, "कपड्यांची झाली. तुमच्या चेहऱ्याची राहिलीय, या आत!"

नवरा लवकर गेला. मुलगी त्याच इस्त्रीच्या टेबलाखाली बसून शिकली, बोटीवर नोकरीला लागली आणि एकेक पायरी चढत कप्तान झाली. आता परदेशातल्या एका बंदरात नवंकोरं जहाज तिच्या हाती सोपवणार होते. तिने आईला बोलावलं. आईने एकच अट घातली.

"त्या दिवशीचा तुझा गणवेश मी इस्त्री करणार."

"अगं आई, जहाजावर त्याला यंत्रं असतात."

"असू देत. तू कुणाची पोर आहेस, हे यंत्राला ठाऊक आहे का?"

जायचं तर पासपोर्ट हवा आणि पासपोर्टला जन्माचा दाखला. तो कधी लागलाच नव्हता. कडकबाई नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीपुढे उभ्या राहिल्या. आतल्या कारकून मुलीने जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, पानावरून बोट फिरवलं आणि ते बोट एका जागी थांबलं.

"मावशी, तारीख जुळतेय. आईवडील जुळतायत, पत्ताही तोच आहे. पण त्या दिवशी त्यांना मुलगा झालाय."

कडकबाईंनी पदर सारखा केला. "असं? मग मी काय इतकी वर्षं बाईची भूमिका करतेय?"

मागची रांग खो-खो हसली. कारकून मुलगीही हसली, पण लगेच गंभीर झाली. "दुरुस्ती होते, मावशी. ज्यांनी जन्माची वर्दी दिली ते आले आणि त्यांनी चूक झाल्याचं लिहून दिलं, तर सरळ काम आहे. सही आहे इथे. मोठा भाऊ. आहेत का?"

"आहेत," कडकबाई म्हणाल्या. "तेच तर अवघड आहे."

हा दादा म्हणजे त्याच नाट्यगृहाचा घंटेवाला. तिसरी घंटा त्याने कधी क्षणभर आधी दिली नाही की क्षणभर नंतर. पुढारी यायचे राहोत, नट रुसून बसो, घंटा वेळेवर. निवृत्त झाला तरी संध्याकाळी दाराशी उभा राहून नव्या माणसाची घंटा ऐकायचा आणि मान हलवायचा, बहुतेक वेळा आडवी. घरातलं पहिलं सरकारी काम आपण मिसरूड फुटायच्या आत बिनचूक केलं, वडील कामावर असताना बहिणीच्या जन्माची वर्दी दिली, हे तो भेटेल त्याला सांगत असे.

"शक्य नाही," कडकबाईंनी त्याच्या घरी जाऊन सांगितलं तेव्हा तो म्हणाला. "माझी सही असेल बघ तिथे."

"सही आहे. तुझी सही आणि माझ्या जागी मुलगा!"

"मग कारकुनाने चुकीचं लिहिलं."

"त्याला आता वरून बोलावून आणू का?"

दादाने तोंड खिडकीकडे वळवलं. मग पुटपुटला, "लोक म्हणतील, घंटेवाल्याने आयुष्यातली पहिलीच घंटा चुकवली."

कडकबाई भांडल्या नाहीत. दादाचा पांढरा सदरा उचलला, इस्त्री केली, कॉलर चिमटीत धरून तपासली आणि दाराच्या खुंटीला लावला. "उद्या ऑफिस उघडताना मी तिथे असेन. आलास तर आलास. नाहीतर तुझी भाची माझ्याशिवाय जहाज हाकेल. ती काही अडायची नाही."

दुसऱ्या दिवशी त्या लाकडी बाकावर बसल्या. दाराकडे बघायचं नाही असं ठरवून दर थोड्या वेळाने बघत होत्या. रांग वाढली, पंखा कुरकुरला, कुणाचं बाळ रडलं. आणि दारात पांढरा सदरा उभा राहिला. छाती पुढे, काठी मागे. रंगमंचावर पाऊल न ठेवलेल्या माणसाची अशी एंट्री! आपोआप लोक बाजूला झाले.

"लिहून घ्या," तो खिडकीशी म्हणाला. आवाज अगदी शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "चूक माझी."

"कारण काय लिहू, आजोबा?"

"घाई. आत बाळ रडलं आणि मी बघायला न थांबता पळत सुटलो. ते रडणं इतकं दणदणीत होतं, की मला वाटलं भाऊच झाला."

हॉल हसला. कडकबाई मात्र हसल्या नाहीत. "आणि घरी येऊन बघितलंस तेव्हा? परत जाऊन सांगायचं होतंस की."

"निघालो होतो." दादाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पण तू माझं बोट धरलं होतंस आणि सोडीनास. बसून राहिलो. तोवर ऑफिस बंद झालं. मग रोजच काहीतरी निघत गेलं आणि मला खरंच वाटायला लागलं, की मी बरोबरच सांगितलं होतं."

त्याने सही केली. अगदी जुन्या सहीसारखीच.

काही दिवसांनी दाखला हाती आला. 'लिंग'पुढे 'स्त्री'. तो घ्यायला दादा न बोलावता आला होता. त्याने कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला, मग खिशात घालायला घडी करू लागला.

"घडी नको!" कडकबाई इतक्या जोरात ओरडल्या, की आतली कारकून मुलगी उठून उभी राहिली. दादाने समाधानाने तिच्याकडे वळून पाहिलं.

"ऐकलंत ना? आता सांगा, माझी काय चूक होती?"

कडकबाईंनी दाखला पुठ्ठ्यांमध्ये सपाट धरला आणि लेकीला फोन लावला.

"आता पासपोर्ट आला की निघालेच गं मी. आणि ऐक, त्या गणवेशाला कुणाला हात लावू देऊ नकोस."