मामांचा एकच प्रश्न

देव समोर आला तर पाया पडायच्या आधी त्याची तोंडी परीक्षा घेईल, असा एकच माणूस कोल्हापुरात आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. शाळा तपासनीस म्हणून मामांनी अख्खा जिल्हा पालथा घातला, पुढे निवृत्तही झाले, पण तपासणी काही सुटली नाही. पद्धत ठरलेली. पोरानं बरोबर उत्तर दिलं की डोळे वटारून म्हणायचं, “चुकलं!” पोरगं डगमगलं की नापास. ठाम राहिलं तर “बस खाली.” याहून मोठी शाबासकी मामांच्या तोंडून कुणी ऐकलेली नाही. “उत्तर काय, पोपट बी देतंय,” ते म्हणायचे, “त्ये धरून ऱ्हातंय का, त्ये बघायचं.”

डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, की “चुकलं!” बिचाऱ्यांनी पुन्हा पुन्हा मोजला, शेवटी त्यांचाच चढला. कलिंगडवाला, मिसळवाला, कागलच्या गाडीचा कंडक्टर, कुणी म्हणून सुटलं नाही. मी तर मुलगी बघायच्या कार्यक्रमातच गारद झालो. “पावणं, सात आठे किती?” “छप्पन्न.” “चुकलं!” आणि अहो, चांगला शिकलासवरलेला मी चक्क “चोपन्न” म्हणालो! माझं लग्न जमलं ते मामींमुळे. “खुळ्यागत काय घाबरवताय त्यास्नी? छप्पन्नच हाय की!” त्या आतून ओरडल्या आणि मामा गप्प.

मामींपुढे ते कायमच गप्प. मामी कुरुंदवाडच्या. त्यांना बघायला गेल्यावर मामांनी विचारलं होतं, “पंचगंगा कृष्णेला कुठं मिळती?” “आमच्या गावाजवळ.” “चुकलं!” तर पोह्यांची बशी हातात तशीच धरून ती पोरगी म्हणाली, “न्हाय. हितंच मिळती. चला की, दावतो.” मामा म्हणाले, “बस खाली,” आणि लग्न ठरलं.

मामी गेल्या आणि मामांना “न्हाय” म्हणणारं घरात कुणी उरलं नाही. मुलगा, सून, मी, सगळे आपले “व्हय मामा, व्हय मामा.” मामांचा तो दणदणीत आवाज पार बसला. जेवणावरची वासना गेली. फार वाईट वाटायचं बघून. शेवटी नातीनं त्यांच्या फोनमध्ये विचारलं की उत्तर देणारं ते बोलणारं एआय यंत्र घालून दिलं, तेवढीच सोबत. मामांनी पहिल्याच दिवशी परीक्षा लावली. “पंचगंगा कृष्णेला कुठं मिळती?” “कुरुंदवाडजवळ.” “चुकलं!” “माफ करा, तुमचं बरोबर आहे. ती सांगलीजवळ मिळते.”

“नापास!” मामा गरजले.

नात पुण्यात असल्याच यंत्रांच्या चाचण्या घेते. ती हसून म्हणाली, “आजोबा, आम्हीपण हेच तपासतो. दम दिल्यावर ते लोटांगण घालतं का, ते.” मामांना मूठभर मांस चढलं. यंत्राची नवी आवृत्ती आली, की पुन्हा तोच प्रश्न. यंत्र कधी मिरजेला पळायचं, एकदा तर कऱ्हाडला गेलं. मामा खवळायचे, पण आवाज परत चढू लागला होता, हे काय कमी झालं?

परवा मी गेलो, तर परीक्षा चालूच होती. मामांनी “चुकलं!” म्हणून दम भरला आणि यंत्र शांतपणे म्हणालं, “नाही. संगम कुरुंदवाडजवळच आहे. हवं तर नकाशात बघा.” मी टाळ्याच वाजवल्या. “मामा, पास झालं की!”

मामांनी फोन हळूच टेबलावर ठेवला. “झालं की,” ते म्हणाले, “पर ह्यो नकाशात बघा म्हणतोय, जावई. ती चला म्हटलेली.”

मला राहवेना. गाडी काढली आणि मामांना थेट कुरुंदवाडच्या घाटावर नेलं. समोर दोन्ही नद्यांचं पाणी एक होत होतं. मामा पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेले. मग माझ्याकडे वळले आणि डोळे वटारले. “हितं न्हाय मिळत. चुकलं!”

इतकी वर्षं याच माणसापुढे मान डोलावत आलो होतो.

“न्हाय मामा,” मी म्हणालो, “हितंच मिळती. बघा की.”

“बस खाली,” मामा म्हणाले. जावयाला त्यांनी कधी एकेरीत संबोधलं नव्हतं. मी पायरीवर बसलो, शेजारी तेही टेकले, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून होतो.